तिसऱ्या भोकाचा पिवळा डाग

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. अमरावतीच्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत काचेच्या परीक्षानळ्या उभ्या धरून ठेवायच्या, एवढेच माझे काम. मला सहा भोके आहेत आणि मागे नळ्या उलट्या वाळत घालायला पाच खुंट्या. सहावी कुठे गेली, तेच तर सांगायचे आहे, मित्रांनो.

माझा जन्म अकोल्याचा. महादेवराव सुतारांनी दाराची चौकट करून उरलेल्या सागवानातून मला घडवले आणि "आता पोट्टे तुले जाळतीन का ठेवतीन, तुयं नशीब," असे म्हणून रेल्वेने पाठवून दिले. पोट्ट्यांनी जाळले नाही, पण हालही काही कमी केले नाहीत. कोणी माझ्यावर आम्ल सांडले, कोणी दिव्याची आच लावली, एकाने तर माझ्या बुडाशी स्वतःचे नाव कोरले. आमचे शिपाई नत्थुजी मात्र रोज मला घासूनपुसून लख्ख करत. डाग दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

एका वर्षी मार्चात मॅट्रिकची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले, त्यामुळे परीक्षेचे हुकूम नागपूरहून यायचे. प्रत्येकाला पुडीत पांढरी भुकटी मिळाली. ती कशाची, ते ओळखायचे होते. माझ्यासमोर उभा होता भातकुलीचा सूर्यभान, भाजीचा मळा करणाऱ्यांच्या घरचा. त्यांच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्याने तिसऱ्या भोकातल्या नळीत भुकटीच्या पाण्यावर पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण जरा सढळ हाताने ओतले. आत हळदीसारखा पिवळाधमक साका आला आणि उतू जाऊन माझ्या अंगावर ओघळला. सूर्यभानने लिहिले, शिसे. मला इतका आनंद झाला की डाग पडल्याचे वाईटसुद्धा वाटले नाही.

परीक्षा संपली. नत्थुजी मला धुवायला व्हरांड्यात ठेवून पाणी आणायला गेले. तिथेच पोरांचे उत्तरे जुळवणे सुरू झाले.

"तुरटी!" ओमप्रकाश म्हणाला. तो सूर्यभानचा बोर्डिंगातला सोबती. "म्या हळूच जिभेले लावून पायली. तुरटीच हाय."

"मायीबी तुरटी," त्यांच्याच वर्गातल्या पुंजारामने री ओढली.

"म्या तं शिसं लिवलं," सूर्यभान हळूच म्हणाला.

"शिसं? अबे, तुरटीले शिसं? गेला तू कामातून!"

सूर्यभानचे तोंड एवढेसे झाले. उत्तर चुकले म्हणजे रसायन गेले, रसायन गेले म्हणजे मॅट्रिक गेली. मग उद्या गणिताचा पेपर द्यायचा कशाला? फाटकाबाहेर त्याचे काका किसनराव बाजारात वांगी विकून गावी परतायला बैल बंडीला जुंपत होते.

"मी आताच काकासंग गावाले जाऊन राहिलो," सूर्यभान म्हणाला आणि बोर्डिंगातून वळकटी आणायला गेलाही.

मला ओरडून सांगावेसे वाटले, अरे वेड्या, तुरटीतून असा पिवळा साका येत नाही! पण लाकडाला तोंड कुठले? माझ्याजवळ होता तो फक्त डाग. तोच अंगावर घेऊन मी उन्हात बसून राहिलो.

इतक्यात नत्थुजी बादली घेऊन आले आणि कडाडले, "हे पिवळं कोनाचं? शिशाची पुडी कोनाले होती?"

"शिशाची?" ओमप्रकाश चमकला. "सगळ्याईले पुडी एकच होती ना?"

"एक असती तं तुमी एकमेकाचं पाहूनच लिवलं असतं! इषम नंबराले तुरटी, सम नंबराले शिसं. मास्तरानं मायासमोर बांधल्या पुड्या."

सूर्यभानचा नंबर होता बेचाळीस.

"पन म्या तं जिभेले लावली!" ओमप्रकाश बोलून गेला.

"भल्या माणसा! तुया पुडीत शिसं असतं तं? जहर असते ते!"

ओमप्रकाश तीनदा थुंकला. मग त्याने मला बगलेत मारले आणि सुसाट धावत सुटला. बंडी चालू लागली होती. फाटकाशी तो असा आपटला की माझी एक खुंटी कडकन मोडली. पण गडी तसाच उठला, एका हातात मी, दुसऱ्या हातात खुंटी. बंडी गाठून त्याने माझे तिसरे भोक सूर्यभानच्या नाकाशी धरले.

"हे पाय! तुयाच डाग हाय. तुयी पुडीच येगळी होती. तुयंबी बरोबर, मायंबी बरोबर!"

किसनरावांनी बैल थांबवले. रसायनातले त्यांना ओ की ठो कळले नाही, पण मुद्दा कळला. "उतर बाप्पा," ते म्हणाले. "बंडी रिकामी नेनं चालते मले. पोट्टा रिकाम्या हातानं नेनं नाई जमत."

सूर्यभान हसत-रडत खाली उतरला आणि ओमप्रकाशच्या हातातली मोडकी खुंटी त्याने खिशात घातली. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर सुटल्यावर तिघे पुन्हा व्हरांड्यात जमले. ओमप्रकाशने "तिसऱ्या गणिताचं उत्तर" एवढे म्हटले मात्र, पुंजारामने त्याच्या तोंडात गाजर कोंबले.

मित्रांनो, नळ्या धुवा, आम्हाला पुसून ठेवा, प्रयोगशाळेतले काही चाखू नका. आणि दुसऱ्याचे उत्तर ऐकून हातपाय गाळण्याआधी त्याची पुडी कोणती होती, ते विचारा.

जूनमध्ये सूर्यभान पास होऊन पेढे द्यायला आला. मोडकी खुंटी अजून त्याच्या खिशात होती. नत्थुजी म्हणाले, "आन, चिकटवून देतो."

"राहू द्या, नत्थुजी," तो म्हणाला. "जागा रिकामी दिसली तं पोट्टे इचारतीन. मंग तुमी सांगजा."

नत्थुजी दर मार्चात सांगतात. तो डागही त्यांनी आजवर घासलेला नाही.