न पाठवलेले शब्द सांभाळणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे, पण मला ना लाकूड, ना खिळा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या चर्चेची एक वेबसाइट आहे, तिच्या तळाशी मी राहते. प्रतिक्रिया लिहून कुणी माझ्या कपाळावरच्या ‘आधी पाहा’ या बटणावर बोट ठेवलं, की पाठवल्यावर ती कशी दिसेल ते मी दाखवते. पटलं तर पाठवा, नाहीतर पुसून टाका.

माझा जन्म एका दातेरी चाकामुळे झाला. वेबसाइटचे मालक जुने घड्याळजी. ती बांधली त्यांच्या सख्ख्या भाचीने, म्हणून ते सगळ्यांचेच मामा. मामा कीबोर्डवरची चांदणीची खूण (*) टाकून टाकून चाकाचं चित्र काढायचे. पाठवलं की चांदणी म्हणजे ‘अक्षर ठळक कर’ असं समजून वेबसाइट चांदण्या गिळायची आणि उरलेलं ठळक, जाड अक्षरांत छापायची. मामा, ओरडताय कशाला, असं लोक विचारायचे. शेवटी भाचीने मला घडवलं आणि म्हणाली, "मामा, हा तुमचा आरसा. यातलं बाहेर कुणालाही दिसत नाही."

तो शब्द मी गाठीला बांधला.

लोक चाकं बघायला आले आणि स्वतःचा राग बघायला लागले. लंबकाच्या एका वादात एका गृहस्थांनी इतकं तिखट लिहिलं, की टेबलावरचा त्यांचा गार चहा पुन्हा उकळला. खोटं वाटत असेल तर त्या कपाला विचारा. माझ्यात स्वतःचे शब्द पाहून ते ओशाळले आणि ‘तुमचं बरोबर असेल’ एवढंच पाठवून मोकळे झाले. अशी कितीतरी भांडणं मी पोटात घातली, कधी साधी ढेकर दिली नाही.

पुढे वर्दळ घटली. वेबसाइट गजबजलेली दिसावी म्हणून भाचीने पहिल्या पानावर एक सरकती पट्टी लावली: ‘आत्ता काय लिहिलं जातंय’. पट्टीला मजकूर कुठून आणला? माझ्या पोटातून. मामांना सांगितलं नाही. मला कोण विचारतंय?

भिंगकाका म्हणजे घड्याळांच्या दुकानातले मामांचे जन्मभराचे भागीदार. डोळ्याला भिंग कायमचं, म्हणून ते नाव. हल्ली ते घरूनच काम करायचे. त्यांनी वेबसाइटवर विचारलं होतं, की बारीक स्क्रू सारखा निसटतोय, चिमटा बिघडला असेल का? मामांनी लिहिलं, ‘चिमटा ठीक आहे. हात थरथरतो तुझा. आता थांब.’ माझ्यात ते बराच वेळ पाहिलं, पुसलं, आणि ‘चिमट्याची टोकं घासून बघ’ असं पाठवलं.

तोवर पट्टीने पहिलं वाक्य सगळ्यांसमोर फिरवलं होतं. भिंगकाकांनीही वाचलं.  दुकानात नुसतं भिंग पाठवून दिलं.

भाची रडवेली झाली. "पण मामा, तुम्ही ते पाठवलंच नव्हतं. समजावून सांगू त्यांना."

"पाठवलं असतं तर माफी मागितली असती," मामा म्हणाले. "न बोललेल्याची माफी कशी मागायची गं?"

जिने जन्म दिला, तिनेच केसाने गळा कापला. वर चुगलखोर म्हणून नाव झालं ते माझं. पट्टी त्याच दिवशी निघाली, पण मला कुणी शिवेना. आता सगळे थेट पाठवतात आणि थेट भांडतात.

परवा मात्र भिंगकाका वेबसाइटवर आले. मामांसाठी दोन ओळी लिहिल्या, मला उघडलं, पाहत राहिले. मग पुसलं आणि निघून गेले. भिंगकाका येऊन मला उघडून गेले, एवढं मामांना वेबसाइटवर दिसलं. तेव्हापासून मामा भाचीच्या मागे लागलेत, काय लिहिलं होतं त्याने? ती म्हणते, आता नोंदच राहत नाही.

मला मात्र अक्षरन् अक्षर आठवतंय. मामांचा चेहरा बघून जीव तुटतो माझा. पण मित्रांनो, माणसाने लिहून पुसलेलं त्याचंच असतं, ते त्याच्याकडेच राहू द्यावं. म्हणून मामांना सांगणार नाही. आणि तुम्हालाही नाही.