सपनाबरोबर गोराईला

मी कादंबरी बोलतेय. दोनशे बारा पानांची, पाठीवर वाचनालयाचा नंबर चिकटवलेली. माझ्यात एका सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. मरण तिच्या उशाशी येऊन बसतं आणि विचारतं, येतेस की राहतेस?

बोरिवलीच्या लहानशा वाचनालयात मी चार वर्षं पडून होते. पोरं मला उचलायची, मागचा मजकूर वाचायची आणि "लय सॅड आहे यार" म्हणून परत ठेवायची. मग एके दिवशी सपना आली. एकोणीस वर्षांची, डाव्या हातावर सुयांच्या खुणा. ग्रंथपाल श्यामकांत काकांना म्हणाली, "काका, चार तास पुरेल असं काहीतरी द्या ना. मशीनवर बसायचं असतं."

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. डावा हात हलवायचा नाही, म्हणून ती उजव्या हाताने माझी पानं उलटायची. तिथे मी माणसांची एक सवय पाहिली. एखादा पेशंट यायचा बंद झाला की त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे कोणी बघत नाही. नावही काढत नाही.

सपनाचा भाऊ मिथुन तिला किडनी द्यायला तयार होता. तपासण्या जुळल्या होत्या. पण त्याचं लग्न ठरलं होतं, प्रियंकाशी. एका रविवारी प्रियंकाची आई घरी आली आणि सपनाच्या आईला, शकुला, हळूच म्हणाली, "लग्नाआधीच मुलगा अधू करून देणार का आम्हाला?"

सपना पडद्यामागे मला उघडून बसली होती. त्यानंतर तासभर तिने पान उलटलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती डायलिसिसला गेलीच नाही. बागेत बसून राहिली आणि घरी जाऊन "झालं" म्हणाली. गुरुवारी तिने फोन बंद केला, मला पिशवीत टाकलं आणि खाडीच्या धक्क्यावर जाऊन गोराईची होडी धरली. पाच दिवस अंगात पाणी साठत होतं. चपलेचे पट्टे पायात रुतले होते.

गोराईला उतरल्यावर ती एका भिंतीच्या सावलीत बसली. समोर फिलोमिना नावाची बाई सुकट वाळत घालत होती. सपना मला मोठ्याने वाचायला लागली. एका श्वासात एक ओळ होईना. मग अर्धी. मग अक्षरंच धूसर झाली आणि तिने मला मिटलं. तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. माझ्यात मरणाबद्दल एवढं लिहिलंय, पण तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

फिलोमिना टोपली ठेवून जवळ आली. "कोणाकडं आलीस गं बाय?"

"कोणाकडे नाही."

"पाय बघ किती सुजलेत. दम लागलाय. मरायला आलीस काय इथं?"

"माहीत नाही, मावशी."

"मग माहीत होईपर्यंत होडीत बस," असं म्हणत फिलोमिनाने तिला काखेत हात घालून उठवलं.

होडी सुटली. सपनाला मागे टेकता येईना, टेकलं की गुदमरायची. फिलोमिना तिची पाठ धरून बसली होती. खाडीच्या मध्यावर सपनाने तिचा हात घट्ट पकडला. "मावशी, मला नाही मरायचं. होडी जोरात घ्यायला सांगा ना!"

फोन चालू केला. मी मांडीवरून घसरून होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडले. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"दादा, धक्क्यावर ये. मी दोनदा डायलिसिसला नाही गेले."

पलीकडून मिथुन ओरडला, "फोन ठेवू नकोस! निघालोय मी."

होडी धक्क्याला लागली तेव्हा तो रिक्षा घेऊन उभाच होता. फिलोमिनाने मला उचलून त्याच्या हातात कोंबलं. रिक्षात सपना तुटक बोलत राहिली. "तुझं लग्न... प्रियंकाची आई म्हणाली..."

"लग्नाचं आम्ही दोघं बघू," मिथुन रडत होता आणि चिडलाही होता. "माझी किडनी, मी ठरवणार. तू फक्त श्वास घे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

हॉस्पिटलात तिला लगेच मशीनवर घेतलं. शकु बाहेर मला छातीशी धरून बसली. तिची साडी माझ्यामुळे ओली झाली. दोन तासांनी डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

पुढच्या फेब्रुवारीत मिथुनची किडनी सपनाला बसवली. प्रियंकाने लग्न मोडलं नाही. तिची आई अजून त्या घरी येत नाही. सपना मात्र कॉलेजला जाते.

मी खराब झाले म्हणून श्यामकांत काकांनी मला यादीतून काढलं आणि सपनालाच देऊन टाकलं. तिने मला त्याच डायलिसिस सेंटरवर नेलं. तिथे चौदा वर्षांची अपूर्वा नवीन आली आहे. तिने विचारलं, "ताई, शेवटी ती जगते का गं?"

"वाच ना," सपना म्हणाली. "आज नाही संपली तर शनिवारी."

आता मी अपूर्वाच्या मांडीवर असते. खारट पाण्याने माझी पानं फुगलीत, सावकाश उलटावी लागतात. ते बरंच आहे. कधी तुमच्या हाती आलेच, तर मला एका बैठकीत संपवू नका. शनिवारसाठी थोडी शिल्लक ठेवा.