दिशाची वजाबाकी

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मुलं नेहमीसारखी पाच वाजता आली.  चपला काढल्या, फडताळातून आपापले डबे घेतले आणि बसली. निवृत्तीनंतर आई कोपरीतल्या आमच्या पुढच्या खोलीत सहा मुलांना गणित शिकवायची. मी डोंबिवलीहून तिचं घर आवरायला आले होते. सहामाही होईपर्यंत मी घेते, म्हणाले.

तिची पद्धत मला पाठ होती. गणित सगळ्यांना एकच, पण कोणी ते काड्यांनी सोडवायचं, कोणी वहीत रेघा ओढून, कोणी नुसत्या आकड्यांनी. ज्याला जे लागेल ते त्याच्या डब्यात, काड्या मात्र सगळ्यांच्या. काड्या म्हणजे खराट्याच्या हिरांचे सारखे कापलेले तुकडे. दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून बांधलेले, बाकीचे सुटे. गठ्ठा परत मोजायचा नाही, हा तिचा नियम. “एकेक मोजत बसलात तर दहा कधी कळणार?” असं ती म्हणायची.

तिसरीतल्या दिशाचा डबा नवा होता. आईने तो श्रावणात, केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये, पलंगावर बसून भरला होता.

दिशाची साधी वजाबाकी बरोबर यायची. हातच्याची चुकायची. बत्तीसातून सतरा गेले, चौदा. पंचेचाळीसातून अठ्ठावीस गेले, पंधरा. मधेच एखादं बरोबर. अंदाजाने लिहितेय, असं मला वाटलं. आठवडाभर लाल पेनाने खुणा केल्या आणि मग तिला दुसरीच्या दोघांशेजारी चिंचोके मोजायला बसवलं. आईनेही हेच केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी तिची आजी रखमाबाई तिला घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“बाय, पोर सोमवारपासून येनार नाय म्हनते. मी ढ हाय, म्हनते. तुझी आई होती तवा नाचत यायची.”

“आज बसू दे तिला,” मी म्हणाले. “बघते मी.”

रखमाबाई पायरीवर बसल्या. मी दिशाला तिचा डबा परत दिला आणि शेजारी बसले. “बत्तीसातून सतरा. मला शिकव.”

“तुम्हाला येतंय की.”

“तू कसं करतेस ते बघायचंय.”

तिने तीन गठ्ठे आणि दोन सुटे हीर मांडले. “दोनातून सात जात नाहीत. म्हणून एक दशक सुटा करायचा.” रबर काढला, हीर त्या दोनांत मिसळले, सात बाजूला सारले, उरलेले मोजले. “चार.” मग एक गठ्ठा उचलून ठेवला. “चौदा. बघा, परत चुकलं.”

तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. आठवडाभर मी फक्त वही तपासत होते. सुटे हीर गोळा करून मी मोजले. आधीचे दोन सोडून नऊ. दुसरा गठ्ठा सोडला, दहा. तिसऱ्यात आठ.

चौथीतला हितेश मान वाकडी करून बघत होता. “ताई, बाईंनी मुद्दाम केलं असणार. कोण पकडतं बघायला. बाई लय डेंजर होत्या.”

सगळे हसले, मीही हसले. हो म्हणून टाकणं सोपं होतं. आईने आयुष्यभर मुलांना असे सापळे लावले होते, कोणालाही पटलं असतं. दिशा तेवढी हसली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मुद्दाम नाही,” मी म्हणाले. “औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. मोजताना चुकलं तिचं.”

“बाईंचं?” दिशाने विचारलं.

“हो. आणि माझंही, तुला तिकडे बसवलं ते. तुझं बरोबर होतं.”

दिशा हिरांकडे बघत राहिली. “मग त्यांनी मला का नाही सांगितलं? मी बांधले असते की.”

“मलाही नाही सांगितलं. मी तेव्हा शेजारीच पुस्तक वाचत बसले होते.”

 डबा पालथा करून तिने सगळे हीर मोजले, गठ्ठे नव्याने बांधले. मग हितेशपुढे हात केला. “तुझा दे.”

“माझा जुना आहे. बरोबरे तो.”

“मोजल्याशिवाय कसं कळणार? दे ना रे.”

रखमाबाई आत डोकावल्या. “चल गं, दिवे लागले.”

“आजी, तू जा. अजून पाच डबे आहेत.”

रखमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि येऊन नातीशेजारी मांडी घातली.

“मला पन दे एक,” त्या म्हणाल्या.