चारुलाल, वय चौतीस

चारूकाकूला यात काय मिळणार होतं, हे दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसूनही मला कळत नव्हतं. माणूस कुठल्याही दारातून आत येतो तो काहीतरी घ्यायलाच, असं मी बारा वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडून शिकले होते. आणि शेजारची ही काकू तर साखरेची वाटी देतानाही बोटाने सपाट करायची आणि परत घेतानाही. तिच्या नवऱ्याचे, दिवाकरकाकांचे, लेबर कोर्टाचे अर्ज मी टाइप करून द्यायचे खरे. पण ते मी सगळ्या गल्लीचेच करून द्यायचे. मग दर महिन्याला छत्रीबागेतून टेम्पोत बसून जवाहर मार्गावर यायचं आणि परक्या बाईपुढे आपल्या अंगाची गाऱ्हाणी मांडायची, ही उठाठेव कशासाठी?

एकदा विचारलंच. तर म्हणाली, "इथे कूलर आहे ना. फुकट गार वारा मिळतो. और क्या चाहिए?"

आत डॉक्टर अमिता पुराणिक बसायच्या, बायकांच्या डॉक्टर. काकू खुर्चीत टेकायची, पदराने मान पुसायची आणि सुरू व्हायची. "क्या बताऊं डॉक्टरबाई, बसल्या जागी अंगातून वाफ निघते. गळ्यापासून वर चढते, कान तापतात, आणि मग एकदम पसीना. पौषात पदर ओला. ह्यांना थंडी वाजते आणि मी दार उघडून उभी." डॉक्टरबाई ऐकायच्या, लिहायच्या. मी तिचा भाचा म्हणून मागे पिशवी धरून उभी असायचे आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे. बाहेर आलं की ती कागद माझ्या हातात द्यायची. मी दुकानातून गोळ्या घ्यायचे. आणि खायचेही मीच.

पाळी जायच्या वयात बायकांना देतात त्या हार्मोनच्या गोळ्या. मला त्या हव्या होत्या, कारण मिलच्या मस्टरवर माझं नाव शरद होतं आणि माझ्या मनात मी शारदा होते. दोन कान्यांचा फरक. एवढ्या दोन कान्यांसाठी मी आधी इंदुरातले चार डॉक्टर पालथे घातले होते.

पहिला हसला आणि त्याने मर्दानगीची इंजेक्शनं लिहून दिली. दुसऱ्याने लग्न लिहून दिलं, जेवणानंतर एक घ्या म्हणावं अशा थाटात. तिसरा मनाचा डॉक्टर. तो भला माणूस होता. म्हणाला, वडिलांची सही आणा. वडील जाऊन नऊ वर्षं झाली म्हटल्यावर मोठ्या भावाची आणा म्हणाला. भाऊ मला नव्हता. मी तेहतीस वर्षांची, अकराशे माणसांची हजेरी माझ्या सहीने वर जायची, पण माझ्या अंगाबद्दल माझी सही चालत नव्हती. चौथा म्हणाला, आधी ऑपरेशन करून या, मग गोळ्या देतो. ऑपरेशन करणाऱ्याला मुंबईला पत्र घातलं, तर उत्तर आलं की आधी वर्षभर गोळ्या घ्या, मग या.

औषधाच्या दुकानदाराला मात्र कसलीच अडचण नव्हती. "भाभी के लिए?" एवढं विचारून तो कुटुंबनियोजनाच्या गोळ्या पाकिटांनी द्यायचा. किती खायच्या ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी अंदाजाने खायचे. जास्त खाल्ल्या तर लवकर होईल, असा माझा अंदाज.

अशात मिल बंद पडली. गल्लीतली माणसं सकाळी डबा न घेता बाहेर पडायला लागली आणि दुपारी तशीच परत यायला लागली. मिल बंद पडल्याने काही हाती लागलं अशी सगळ्या इंदुरात बहुतेक मी एकटीच असेन. मस्टर मिटलं, त्याबरोबर त्यातला शरदही मिटला. लेबर कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसले. डोक्यावरचे केस वाढवायला आता कुणाला विचारावं लागत नव्हतं.

तीन महिन्यांनी डावी पोटरी लाल होऊन टम्म सुजली. जिना चढवेना, म्हणून मी मधल्या पायरीवर बसून होते. काकू वरून धुण्याची बादली घेऊन उतरत होती. तिने पाय पाहिला. मग माझ्या खिशातून वर आलेलं पाकीट पाहिलं. त्यावर बाईचं चित्र होतं. त्या चित्राकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"हे तू खातोस?"

"खाते," मी म्हटलं. त्या दुखण्यात खोटं बोलायची ताकद नव्हती.

तिने बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. "अगं," ती म्हणाली. त्यापुढे ती काय बोलली ते मला आजही आठवत नाही. तोवर मला अगं कुणी म्हटलं नव्हतं.

सूज आठवड्यात उतरली. पाकिटं काकूने स्वतःच्या हाताने खान नदीत टाकली, आणि पुढच्या सोमवारी मला घेऊन टेम्पोत बसली. तुला कुणी देत नाही, पण मला देतील, माझं वयच आहे, एवढंच वाटेत म्हणाली. वयाचा चांगला फायदा उठवतेय, असं मला वाटलं.

चौदा महिने असे गेले. माझी कातडी मऊ झाली, छाती भरली, आणि त्याहून मोठं म्हणजे डोकं शांत झालं. पूर्वी मी छताच्या पाट्या मोजत पडून राहायचे. आता आडवी झाले की सकाळीच जाग यायची.

मग डॉक्टरबाईंनी काकूचं रक्त तपासायला सांगितलं. एवढे महिने गोळ्या चालल्यात, लिव्हर बघायला हवं म्हणाल्या. काकूने बाहेर येऊन निकाल दिला: "गोळ्या तू खातेस, रक्त तू दे." त्यात चुकीचं काही नव्हतं. मी उपाशीपोटी पॅथॉलॉजीच्या खिडकीत उभी राहिले. आतल्या माणसाने नाव-वय विचारलं, मी नाव काकूचं सांगितलं, चारुलता, आणि वय सवयीने माझंच. त्याने चष्म्यावरून माझा बुशशर्ट पाहिला, पँट पाहिली, समजूतदारपणे मान हलवली आणि लिहून घेतलं. रिपोर्ट बंद पाकिटात आला. आम्ही तो तसाच डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा चारुलाल कोण? पुरुष, वय चौतीस?"

खिडकीतल्या भल्या माणसाने माझी चूक मला न सांगता दुरुस्त केली होती. कूलर घरघरत होता. मी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"भाचा म्हणून मागे उभी असते ना, ती," काकू म्हणाली. "गोळ्या ती खाते."

डॉक्टरबाईंनी उठून दार लावलं. मग जे बोलल्या ते आवाज न चढवता बोलल्या, म्हणून जास्त लागलं. आपलं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं, ही मुलगी की मुलगा जो कोण आहे तो मेला असता तर पोलिसांना काय सांगायचं होतं, आणि काकूसारख्या घरंदाज बाईकडून ही अपेक्षा नव्हती. सगळं खरं होतं. मी मनातल्या यादीत पाचवा डॉक्टर मांडून टाकला.

"रागवा. हक्क आहे तुमचा," काकू म्हणाली. "पण बंद नका करू. तुम्ही बंद केलं तर ही पुन्हा मुठीने खाईल. आणि जिन्यावर दर वेळी मी नसेन."

डॉक्टरबाईंनी मला जवळ बोलावलं. मला पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली, पोटरी दाबून पाहिली, कधी सुजली, किती दिवस राहिली ते विचारलं. रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. तो चांगला होता. मग ड्रॉवरमधून नवा कागद काढला.

"नाव?"

"शारदा."

त्यांनी ते लिहिलं. लिहिताना थांबल्या नाहीत की वर पाहिलं नाही, याचे आभार मी अजून कुठल्या शब्दांत मानू शकलेले नाही.

"मला यातलं फारसं येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मुंबईला माझी मैत्रीण आहे, तिला विचारीन. डोस कमी करतेय. दर तीन महिन्यांनी रक्त, ते स्वतःच्या नावाने. पाय दुखला तर त्याच दिवशी यायचं."

मी मान हलवली. मग त्या काकूकडे वळल्या. "आणि तुम्ही. चौदा महिने काय अभिनय केलात."

काकू मान पुसत होती. कूलर तिच्या थेट समोर होता, आणि तरी तिच्या ब्लाउजची पाठ ओली होती. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पेन ठेवलं आणि तिचं मनगट हातात घेतलं.

"झोप किती लागते?"

"दोनला उठते. मग उजाडेपर्यंत ओट्यावर."

"म्हणजे हे सगळं खरं होतं?"

"मला खोटं बोलता येत नाही, डॉक्टरबाई. मिलच्या गणपतीत नाटक व्हायचं, तर मला मुकी कामंच द्यायचे."

"मग गोळ्या का नाही घेतल्या?"

"एका कागदावर एकीच्याच मिळतात ना," काकू म्हणाली. "हिला त्या मिळेनात. मला नुसतं गरम होतं."

ओट्यावरचा तिचा दिवा मी कधी कधी पाहिला होता. त्या वर्षी गल्लीत झोप कुणालाच नव्हती. तिचीही जागरणं मी मिलच्या नावावर टाकून दिली होती.

डॉक्टरबाईंनी तिचं ब्लडप्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. वर्षापूर्वी या गोळ्या तुम्हाला चालल्या असत्या, म्हणाल्या, पण एवढ्या प्रेशरवर आता देता येणार नाहीत. प्रेशरची गोळी, मीठ कमी, सकाळी फिरायचं. बाकीचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाईल.

"जाईल की. माझ्या आईचं गेलं," काकू म्हणाली.

दोघी दोन कागद घेऊन बाहेर पडलो. मी जे बारा वर्षं करत आले तेच टेम्पोची वाट बघताना केलं, बेरीज. चौदा महिने. झोप तिची गेली होती, लागली होती मला.

मला तिची माफी मागायची होती. सुरुवात केली तर म्हणाली, "अगं, तो कागद नीट ठेव. घामाने शाई फुटेल."

टेम्पोत मी तिला वाऱ्याच्या बाजूला बसवलं. दुपारची वेळ, गाडी अर्धी रिकामी. राजवाड्याच्या आधीच तिची मान माझ्या खांद्यावर आली. तिच्या कपाळाची ऊब बुशशर्टातून आत येत होती. छत्रीबागेचा फाटा आला. टेम्पोवाल्याने मागे वळून पाहिलं.

"आंटीजी को यहीं उतरना था ना?"

"सोने दो. आगे तक चलो."

"आगे का किराया लगेगा, भिया. दो सवारी का. कौन देगा?"

"मैं दूँगी," मी म्हटलं.

त्याने आरशात एकदा पाहिलं, आणि गिअर टाकला.