हाताला कळता कामा नये

सर्जेरावांची आणि गणिताची शाळेतच फारकत झाली होती. पण लेकीची गणितं ऐकायला मात्र त्यांना भारी गोडी वाटायची. शेफाली कोथरूडच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवायची. संध्याकाळी ती गच्चीत सतरंजी टाकून दुसऱ्या दिवशीची उदाहरणं मोठ्यानं वाचत सोडवायची आणि सर्जेराव शेजारी बाजेवर डोळे मिटून पडायचे. ही बिल्डिंग त्यांच्याच रानात उभी होती. रान बिल्डरला दिलं तेव्हा बदल्यात वरचे फ्लॅट आले, आणि जुन्या घरातली बाज तेवढी गच्चीवर आली.

"एका पिशवीत पाच तांबडे आणि तीन हिरवे चेंडू आहेत," शेफाली वाचायची. तेवढ्यानंच सर्जेरावांचे डोळे जड व्हायचे. चेंडूंचे टोमॅटो व्हायचे. गच्ची हळूहळू खाली उतरायची, पार्किंगच्या जागी पुन्हा विहीर दिसायची, तळपायाला दवाची ओल लागायची आणि कडेला कुणीतरी टोमॅटोची पाटी ठेवून गेलेलं असायचं. शेफालीचा आवाज बांधापलीकडून यायचा. न बघता एक काढला तर तो तांबडा असण्याची संभाव्यता किती?

"तांबडाच येनार," एकदा सर्जेराव झोपेतच म्हणाले. "पिकल्यालं हाताला कळतंय की. मऊ लागतंय."

शेफालीला हसू आवरेना. मग तिनं समजावलं, की सगळे चेंडू सारखे धरायचे, हीच तर अट. "हाताला कळता कामा नये, अण्णा. कळलं की ते गणित राहत नाही. मग ती तुमची मर्जी झाली."

सर्जेरावांना ते पटलं नाही, पण लक्षात राहिलं. फासे आणि नाणी त्यांनी निमूट ऐकून घेतली. पत्त्यांच्या उदाहरणांना मात्र ते उठून बसायचे. त्या विषयात त्यांना शिकवणीची गरज नव्हती.

अशाच एका संध्याकाळी दोन उदाहरणांच्या मधे शेफालीनं सांगितलं, की तिला संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी कोलकात्याला प्रवेश मिळालाय. दोन वर्षं तिकडेच राहावं लागेल. अण्णा हो म्हणाले तरच जाईन, हेही सांगितलं. सर्जेराव म्हणाले, नाथाला विचारू.

त्या घरात मोठी गोष्ट ठरायची ती भैरवनाथाच्या कौलानं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी गळाली तर हो, डावी गळाली तर नाही. कौल लावायचा मान सर्जेरावांच्या घराकडे होता. आणि एकदाच विचारायचं, देवाशी घासाघीस करायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. रान विकायच्या वेळी उजवी पडली होती. नव्या गाडीलाही उजवीच. धाकट्या भावाला दुकानात भागी द्यायची का, तेव्हा डावी. नाथ यांच्या मनातलं बरोबर ओळखतो, असं तुळजाबाई म्हणायच्या आणि नवऱ्याकडे न बघता भाजी चिरत राहायच्या. एवढी वर्षं संसार केलेल्या बायकोपासून काय लपणार?

आदल्या संध्याकाळी सर्जेरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कौलाचं गणित काय होईल. शेफाली म्हणाली, सोपं आहे, अर्धं हो, अर्धं नाही. पण कळ्या सारख्याच भिजवल्या तर. कमी-जास्त झालं तर जी जास्त ओली, ती टिकणार. पोरीला हे गच्चीत बसल्याबसल्या उमगलं होतं, सर्जेरावांना अर्धं आयुष्य लागलं होतं.

"आन् एकदा डावी पडली, तर दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही अर्धंच. नाण्याला मागचं काही आठवत नाही, अण्णा."

ती पुढचं उदाहरण वाचू लागली. सर्जेरावांनी डोळे मिटले, पण रान काही आलं नाही. ही गेल्यावर गच्चीत कोण वाचणार, एवढंच मनात फिरत राहिलं. त्यांना ती जायला नको होती. अगदी नको होती.

रविवारी सकाळी तिघं देवळात गेली. आत गारवा होता, तेलाचा वास होता, आणि बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न कुठल्यातरी दुसऱ्या गावातले वाटत होते. सर्जेरावांनी तळहातावर दोन कळ्या घेतल्या. उजवी नीट भिजवली की ती चिकटून राहणार, डावी गळणार आणि लेक घरी राहणार. अंगठा आपसूक पाण्याकडे वळला. सवयीचाच होता तो.

हाताला कळता कामा नये.

कुणी बोललं नव्हतं, तरी त्यांना ते बांधापलीकडून ऐकू आलं. त्यांनी मूठ मिटली, कळ्या आत घोळवल्या, मूठच पाण्यात बुडवली आणि डोळे मिटून चाचपडत दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या. अशी कळी त्यांनी आयुष्यात कधी लावली नव्हती. समईची ज्योत हलत होती. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि त्या वेळात सर्जेरावांना वाटलं, की आपण पुन्हा बाजेवरच आहोत आणि उदाहरण अजून वाचून संपायचंय.

डावी गळाली.

नाथ पहिल्यांदाच आपल्या मनानं बोलला होता, आणि नेमकं सर्जेरावांना हवं तेच बोलला होता. शेफालीनं खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं. "ठीक आहे, अण्णा," ती म्हणाली, उत्तर वाचून दाखवावं तशी, आणि नमस्काराला वाकली. रडली नाही, वाद घातला नाही. सर्जेरावांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना दिसली ती गच्ची, त्याच सतरंजीवर बसलेली, केस पिकलेली शेफाली, आणि तीच पिशवी, तेच पाच तांबडे, तीन हिरवे.

त्यांनी परडीतून दोन नव्या कळ्या उचलल्या.

"अवो, एकदाच इचारायचं ना?" तुळजाबाई म्हणाल्या.

"नान्याला मागचं आठवत न्हाई म्हनं. नाथालाबी नसंल."

या खेपेला डोळे उघडे होते. डावी कळी त्यांनी पाण्यात बुडवली, बोटांनी दाबली, पुन्हा बुडवली आणि अंगठ्यानं घट्ट बसवली. उजवी जेमतेम ओली केली. शेफाली सगळं बघत होती.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "हे गणित नाही राहिलं."

"न्हाई," सर्जेराव म्हणाले. "ही माझी मर्जी हाय."

त्यांनी हात मागे घेतला न घेतला, तोच उजवी कळी गळून त्यांच्या पायापाशी पडली.