मागचं खिंडार

शाळेच्या मळ्यातली अर्धी वांगी शेळ्यांनी फस्त केली. शेळ्या कुणी आत सोडल्या हे विचारायची गरजच नव्हती, कारण सातवीतल्या त्या पोरीला सगळं गाव 'टोळधाड'च म्हणायचं. हेडमास्तरांनी तिचं नाव शाळेतून काढायचं ठरवलं आणि तिच्या वर्गाच्या बाईंची त्यांच्याशी जुंपली.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," हेडमास्तर म्हणाले.

बाई पोरीला ओळखून होत्या. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात, शेळ्या हिच्या गळ्यात. शाळेत बसली तर शेळ्या उपाशी, शेळ्यांमागे गेली तर गैरहजेरीचा मार. म्हणून तिने शेळ्याच शाळेत आणल्या. पोरीचं डोकं चालतं, फक्त भलतीकडे चालतं, असं बाईंना मनापासून वाटायचं. त्यांनी गळ घातली, की कुंपण हिलाच घालू द्या. शनिवारपर्यंत एक जरी शेळी आत आली, तर खुशाल नाव काढा.

शेळ्या बाहेरच्या गवतावर बांधून पोरगी कामाला लागली. शेळी कुठून शिरते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? काटेरी फांद्या ओढून आणून तिने एकेक खिंडार बुजवलं. मागचं शेवटचं राहिलं, तेव्हा मात्र ती बाईंकडे आली. तिथून हेडमास्तर रोज जेवणानंतर डुलकी काढायला घरी सटकत. माहीत सगळ्यांना होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"बाई, ते पण बुजवू?"

"शेळीला काय माहीत, ती वाट कुणाची आहे ते?" बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे तोंड करून हसल्या.

कुणी बघत नाही ना म्हणून शाळेकडे नजर ठेवून, हेडमास्तर नेहमी उलटेच बाहेर पडत. शुक्रवारीही तसेच घुसले आणि पाठीकडून काट्यांत अडकले. ना पुढे, ना मागे.

आवाज ऐकून बाई धावत आल्या तेव्हा पोरगी तिथे उभीच होती, आणि पोरांचा घोळका येत होता. बाईंचा जीव टांगणीला लागला. हिने एक आरोळी ठोकली की हेडमास्तरांचं गावभर हसं, आणि हिची शाळा कायमची बंद.

पोरगी पोरांकडे वळली. "सर कुंपण तपासतायत," ती म्हणाली. "पक्कं आहे. चला, वर्गात व्हा."

पोरं गेली. मग तिने सदऱ्यातला एकेक काटा सोडवला. हेडमास्तर बराच वेळ नुसता सदरा झटकत राहिले.

"नाव राहू दे हिचं," शेवटी ते बाईंना म्हणाले. मग पोरीवर आवाज चढवला, "पण यापुढे रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वर्गात दिसली पाहिजेस."

"दिसेन की, सर," खिंडार पुन्हा बुजवत ती म्हणाली. "आता तुम्ही पण दिसालच."