मान खाली घातली की दिसतं

बंद पडलेल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याच्या जागी एक लांब बाक होता. त्यावर माझी आई पालथी झोपलेली, डोकं टोकाच्या बाहेर, आणि तोंडाखाली जमिनीवर एक छापील कागद. शेजारी दृष्टीबाबा उभे होते. माईक बाबांच्या सेवेत असलेल्या माझ्या मामाच्या हातात होता.

बाबांनी आईच्या मानेवर फुंकर घातली. "वाच, माई!"

आई अडखळत सुरू झाली आणि मग धडाधड वाचत सुटली. थोड्या वेळापूर्वी उभं असताना तिला त्याच कागदावरची एक ओळही लागली नव्हती. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. बाबांनी मूठ उघडली. तळहातावर टिकलीएवढी पारदर्शक चकती.

"हे बघा डॉक्टरांनी घातलेलं परकं भिंग! डोळ्याने ओकून टाकलं. आता माईंचा स्वतःचा प्रकाश परत आलाय!"

आई उठून उभी राहिली आणि पुन्हा सगळं धूसर झालं. बाबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "हा अहंकार! मान ताठ झाली की दृष्टी जाते, झुकली की येते. सरावाने टिकेल. तोवर डॉक्टरांचे थेंब बंद, दवाखान्याची पायरी चढायची नाही."

किती सोयीचं! गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष पेशंटच्या मानेचा.

आई छापखान्यात प्रुफं तपासते. तिचा एक डोळा लहानपणापासून अधू. दुसऱ्याला काही वर्षांपूर्वी यंत्राची स्प्रिंग लागली. त्या डोळ्यातलं मूळ भिंग गेलं आणि ते धरून ठेवणारी पातळ पिशवीही फाटली. म्हणून कृत्रिम भिंग दोऱ्याने टाके घालून बसवलं होतं. डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवायला रोज थेंब घालावे लागत, पण भिंग छान चाललं. मग अचानक अक्षरं पोहायला लागली. मी डॉक्टरांची वेळ घेतली, तर मामा आडवा आला. "ताई, आधी बाबांना दाखवू. मी तुझं वाईट करीन का?"

त्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. ती माझं ऐकेना. "तुला सगळ्यातच खोट दिसते," म्हणाली.

थिएटरातून आल्यावर तिने थेंब बंद केले आणि ती दिवसभर मान खाली घालून वावरू लागली. डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं. शेवटी मीच म्हटलं, "आई, पलंगावर पालथी हो. इथे बाबा नाहीत, फुंकर नाही, काही नाही." खाली वर्तमानपत्र ठेवलं. तिने पहिल्या पानाची बातमी सरळ वाचून काढली आणि तशीच पडून राहिली.

"हे मला आधीच माहीत होतं गं," ती हळूच म्हणाली. "फरशी पुसताना दिसायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. मामाशी. फक्त त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "भिंग डोळ्यातच आहे, कुठेही गेलेलं नाही. दोन बाजूंना टाके होते, त्यातला एक तुटलाय. बिजागरी निखळलेल्या झडपेसारखं ते एका टाक्यावर लोंबकळतंय. उभं राहिलं की मागे, खाली पडतं. पालथं झालं की बाहुलीसमोर येतं."

"मग त्यांच्या हातावर होतं ते?"

"प्लास्टिकचा कुठलाही गोल तुकडा. तुमचं भिंग मला इथे दिसतंय की!" मग त्या गंभीर झाल्या. "थेंब बंद केल्याने डोळ्यातला दाब वाढला. नस थोडी दुखावली आहे. तेवढं परत येणार नाही."

आईने पदराचं टोक घट्ट धरलं. "पुन्हा टाकेच घालायचे का?"

"दोन रस्ते आहेत. एक, पुन्हा शिवायचं, या वेळी जाड दोऱ्याने. बारीक दोरा वर्षांनुवर्षं झिजतो. जाड जास्त टिकावा, पण त्याचं टोक वर येऊन टोचू शकतं. दुसरा, भिंगाच्या दोन बारीक दांड्या डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत बोगदे करून खोचायच्या. दोराच नाही, त्यामुळे तो तुटायचा प्रश्न नाही. पण बोगदे नेमके समोरासमोर आले नाहीत तर भिंग तिरकं बसतं. कधी दांडी निसटतेही."

"दिसेल कशाने चांगलं?"

"साधारण सारखंच. एकच पद्धत सगळ्यांसाठी श्रेष्ठ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमचा दोरा एकदा तुटलाय आणि भिंत चांगली आहे, म्हणून मी खोचणं निवडेन. पण खात्री देणार नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बाबा एकदाही 'पण' म्हणाले नव्हते."

ऑपरेशनच्या आधी तिने थिएटरात जायचा हट्ट धरला. ताई साक्ष द्यायला आली असं समजून मामाने कौतुकाने माईक तिच्यापुढे धरला.

"भिंग माझ्या डोळ्यातच आहे," आई म्हणाली. "एक टाका तुटलाय. मी घरी एकटी पालथी झाले तरी वाचता येतं. खोटं वाटत असेल तर बाबांना बाहेर पाठवा, आत्ता वाचून दाखवते."

"अहंकार!" बाबा गरजले. कुजबुज सुरू झाली. आई मामाकडे वळली.

"वाकलं की दिसतं, हे मी फक्त तुला सांगितलं होतं रे."

मामाने अंगठ्याने माईकचं बटण दाबलं. पुढचं पहिल्या रांगेपलीकडे कुणालाच ऐकू गेलं नाही. काही लोक उठून गेले. बरेचसे आपला नंबर यायची वाट पाहत बसून राहिले.

ऑपरेशन नीट झालं. आई पुन्हा प्रुफं वाचते. नजरेची एक कड मात्र अंधारलेली राहिली. मामा बघायला आला नाही. शेजारीण आली, ती पेढ्यांची वाट पाहत. "तुमच्या भावाने काल माईकवरून सांगितलं, बाबांच्या कृपेने दृष्टी आली, डॉक्टर नुसते निमित्त!"

आईने तिला चहा दिला, निरोप दिला, दार लावलं. "चुकलो म्हणाला असता ना," ती म्हणाली, "तरी मी त्याला जवळ घेतलं असतं."

म्हणून हे लिहिलं. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा: हे कशामुळे होतं? तुमच्याशिवाय होतं का? कधी फसतं? ज्याला खरंच काही येतं तो या प्रश्नांवर चिडत नाही, उत्तरं देतो. आणि तुम्हाला तिथे हात धरून नेणारा आपलाच माणूस असेल, तर हे प्रश्न सगळ्यात आधी त्याला विचारा.